नोट्ससाठी कोणतं ॲप? लेक्चरला एक, मीटिंगला दुसरं

नोट्सचं ॲप निवडताना बहुतेक जण वैशिष्ट्यांची यादी घेऊन बसतात. टॅग आहेत का, फोनवर चालतं का, फुकटात किती मिळतं. हे सगळं बघावंच, पण त्याआधी एक साधा प्रश्न आहे: ही नोंद वाचणार कोण आणि कधी?

लेक्चरची नोंद तुम्ही स्वतःच वाचता, तीही काही महिन्यांनी, परीक्षा तोंडावर आल्यावर. तोवर विषय बराचसा डोक्यातून गेलेला असतो, त्यामुळे नोंदीत आकृती हवी, सूत्राची पायरी हवी, 'हे असं का' याचं उत्तर हवं. मीटिंगची नोंद दुसरेच वाचतात आणि बहुधा त्याच दिवशी. त्यांना चर्चेत काडीचा रस नसतो. काय ठरलं, कोणी करायचं आणि कधीपर्यंत, एवढं कळलं की त्यांचं काम झालं. म्हणून दोन्हींसाठी एकच ॲप शोधणाऱ्याला कुठेतरी तडजोड करावीच लागते. मी सरळ दोन ठेवतो.

आधी कागदाचं बघू

लॅपटॉपवर नोट्स घेतल्या की अभ्यास कच्चा राहतो, हे तुम्ही कुठेतरी वाचलं असेल. त्याचं मूळ म्यूलर आणि ओपनहायमर यांच्या 2014 च्या शोधनिबंधात आहे. कीबोर्डवर लिहिणारे विद्यार्थी वक्त्याचे शब्द जसेच्या तसे उतरवत होते आणि संकल्पना तपासणाऱ्या प्रश्नांत हाताने लिहिणाऱ्यांच्या मागे पडले, असं त्यात दिसलं. पुढे 2021 मध्ये तोच प्रयोग दुसऱ्या संशोधकांनी पुन्हा करून पाहिला. शब्दशः उतरवण्याची सवय त्यातही दिसली, पण गुणांतला फरक काही ठळकपणे दिसला नाही. तेव्हा 'पेनच श्रेष्ठ' असं छातीठोकपणे सांगणाऱ्यांनी जरा दमानं घ्यावं.

त्याहून मला 2013 चा एक प्रयोग महत्त्वाचा वाटतो. लेक्चर चालू असताना लॅपटॉपवर भलतीच कामं करणाऱ्यांचे गुण घसरलेच, पण त्यांचा स्क्रीन ज्यांना दिसत होता, त्या मागच्यांचेही घसरले. म्हणजे खरा घोटाळा टायपिंगचा नाही, शेजारी उघड्या असलेल्या दहा टॅबचा आहे. त्यावर उपाय एकच, वायफाय बंद करून बसायचं. आणि इथेच ॲपांमधला फरक दिसायला लागतो. ऑब्सिडियन आणि जॉपलिन यांच्या फायली तुमच्याच मशीनवर असतात, त्यांना इंटरनेट गेल्याचं कळतही नाही. वननोटचं डेस्कटॉप ॲपही ऑफलाइन मजेत चालतं आणि नेट आलं की सिंक होतं. नोशनला ऑफलाइन काम करणं 2025 च्या ऑगस्टपर्यंत नीट जमतच नव्हतं. आता जमतं, पण हवी ती पानं आधी ऑफलाइनसाठी उतरवून ठेवलेली बरी.

लेक्चर: वननोट, टॅबलेट की ऑब्सिडियन

गणित, भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, इंजिनिअरिंग यांपैकी काही शिकत असाल, तर निवड जवळपास झालेलीच आहे. पेन चालणारा टॅबलेट घ्या, नाहीतर कागदावरच राहा. नोशन, ऑब्सिडियन, जॉपलिन या तिन्हींत लेटेक (सूत्रं टाइप करायची आज्ञांची भाषा) वापरून सूत्रं लिहिता येतात हे खरं, आणि नंतर ती छापल्यासारखी देखणीही दिसतात. पण तास चालू असताना काय होतं ते बघा. साधा अपूर्णांक लिहायचा तर आधी डॉलरचं चिन्ह, मग उलटी तिरकी रेघ, मग आज्ञेचा शब्द, मग महिरपी कंसांची एक जोडी अंशासाठी आणि दुसरी छेदासाठी. एक कंस मिटायचा राहिला की अख्खी ओळ लाल. तोवर फळ्यावर पुढच्या दोन पायऱ्या होऊन आधीच्या पुसल्याही गेलेल्या असतात. सराव असलेले लोक हे वेगात करतात, पण तो सराव सेमिस्टर सुरू झाल्यावर करण्याचा नाही.

वननोटचं बलस्थान त्याच्या पानात आहे. पानाला ओळी नाहीत. कर्सर कुठेही ठेवा, तिथे चौकट उघडते. शिक्षकांनी दिलेली स्लाइड 'प्रिंटआउट' म्हणून पानावर टाकायची आणि तिच्या शेजारी, वर, अगदी बाणाच्या टोकाशी लिहायचं. विंडोजच्या डेस्कटॉप ॲपमधलं ध्वनिमुद्रण तर मला फारच उपयोगी वाटतं. मुद्रण चालू ठेवून टाइप करत गेलात, तर प्रत्येक ओळ त्या क्षणाच्या आवाजाशी जोडली जाते. नंतर 'एंट्रॉपी — उलट का होत नाही??' अशी अर्धवट ओळ सापडली की तिच्याजवळच्या छोट्या प्ले चिन्हावर टिचकी मारायची. त्या ओळीच्या वेळी शिक्षक जे बोलत होते तेच ऐकू येतं. तासाभराचं रेकॉर्डिंग पुढे-मागे सरकवत बसावं लागत नाही. शिक्षकांची परवानगी मात्र आधी घ्यायची.

याच मोकळ्या पानाचा त्रासही आहे. चौकटी इकडेतिकडे पांगतात, पान उजवीकडे ऐसपैस पसरत जातं आणि छापायला घेतलं की वाक्यं मधोमध कापली जातात. ज्याला परीक्षेआधी प्रिंट काढून वाचायची सवय आहे, त्याने हे आधीच करून बघावं. आणखी एक: जुनं 'वननोट फॉर विंडोज 10' ऑक्टोबर 2025 मध्ये बंद पडलं. कोणी त्याचं कौतुक सांगितलं तर आता नुसतं 'वननोट' नावाचं ॲप घ्यायचं.

टॅबलेटवर लिहिण्याचा अनुभव गुडनोट्स आणि नोटॅबिलिटी यांच्यात जास्त सुखाचा आहे. पेन हलकं चालतं, वाकडी रेघ सरळ होते, पीडीएफवर लिहिणं कागदावर लिहिण्याइतकं सहज. लिहिलेलं आवाजाशी जोडण्याची सोय नोटॅबिलिटीत खूप आधीपासून आहे. हस्ताक्षरातला शब्द शोधण्याची सोय दोन्हींत आहे, पण जाहिरातीत दाखवतात ती बहुधा इंग्रजी अक्षरं असतात. मराठीत नोट्स घेणार असाल, तर पैसे भरण्याआधी आपल्या घाईच्या अक्षरात पानभर देवनागरी लिहून त्यातला एखादा जोडाक्षरी शब्द शोधून बघा. सापडला नाही तर त्या सुविधेची किंमत तुमच्यापुरती शून्य.

इतिहास, कायदा, साहित्य, समाजशास्त्र असे शब्दांचे विषय असतील तर मी ऑब्सिडियनकडे झुकेन. त्यात प्रत्येक नोंद म्हणजे तुमच्या फोल्डरमधली एक साधी मजकुराची फाइल. एखाद्या शब्दाभोवती दुहेरी चौकटी कंस टाकला की त्या नावाच्या नोंदीशी दुवा जुळतो. 'लेक्चर 7' मध्ये आलेली संज्ञा 'लेक्चर 19' मध्ये पुन्हा आली, तर दोन्ही जागा त्या संज्ञेच्या पानावर आपोआप दिसतात. कायद्याच्या विद्यार्थ्याला हे किती कामाचं आहे ते वेगळं सांगायला नको. वैयक्तिक वापराला ॲप फुकट आहे, कामासाठीही आता परवाना घेणं ऐच्छिक आहे. त्यांची सिंकसेवा हवी असेल तर तेवढे पैसे पडतात.

पण ऑब्सिडियनला एक व्यसन जोडून येतं. प्लगइन, थीम, रंगीत आलेख यांत माणूस असा रमतो की संध्याकाळ जाते आणि धडा तसाच राहतो. सगळ्या नोंदींचं जाळं दाखवणारा तो प्रसिद्ध आलेख दिसायला झकास, अभ्यासाला जवळजवळ निरुपयोगी.

ॲप कोणतंही असो, नोंद कशी मांडता यालाच जास्त महत्त्व आहे. कॉर्नेल विद्यापीठाचे वॉल्टर पॉक यांची पद्धत जुनी आहे, पण पडद्यावर ती कागदाहूनही चांगली चालते. कागदावर डाव्या पट्टीत प्रश्न, उजवीकडे नोंदी, तळाला दोन ओळींचा सारांश. नोशनमध्ये टॉगल, ऑब्सिडियनमध्ये घडी होणारी चौकट वापरून प्रश्न उघडा आणि उत्तर झाकलेलं ठेवता येतं. उजळणी करताना आधी उत्तर आठवायचं, मग घडी उघडायची. नुसतं डोळ्यांखालून घालण्यापेक्षा असं आठवून बघणं जास्त टिकतं.

मीटिंग: गूगल डॉक्स की नोशन

इथे पेन, ध्वनी, आकृती सगळं मागे पडतं. चार जणांना एकाच वेळी एकच पान दिसतंय का आणि लिहिता येतंय का, हा पहिला निकष. या कसोटीवर ऑब्सिडियन स्वतःहून बादच होतं, ते मुळात एकट्याचं ॲप आहे. वननोटची वही वाटून घेता येते, पण एकाने लिहिलेलं दुसऱ्याला दिसायला कधी कधी वेळ लागतो आणि दोघांनी एकच ओळ बदलली की त्याच पानाच्या दोन आवृत्त्या समोर येतात.

गूगल डॉक्सला कोणी नोट्सचं ॲप म्हणत नाही, तरी छोट्या गटाला मी तेच सुचवेन. दर आठवड्याच्या मीटिंगला एकच फाइल, ताजी तारीख वर. ॲटचं चिन्ह टाइप करून 'मीटिंग नोट्स' निवडलं की कॅलेंडरमधून विषय, तारीख आणि बोलावलेल्यांची नावं आपोआप येतात. शिकवावं काहीच लागत नाही, आणि गटातल्या सगळ्यात कंटाळखोर माणसालाही ते वापरता येतं. माझ्या मते तो सगळ्यात कठीण निकष आहे.

नोशन घ्यायचं ते निर्णय साठवायचे असतील तर. प्रत्येक निर्णयाची डेटाबेसमध्ये एक ओळ: तारीख, जबाबदार व्यक्ती, मुदत, स्थिती. मग 'माझ्याकडची, मुदत उलटलेली' एवढीच यादी गाळून बघता येते, जी डॉक्समध्ये शोधता शोधता नाकी नऊ येतात. पण या डेटाबेसला एक पालक लागतो. कोणीतरी दर आठवड्याला स्थिती बदलली नाही, तर महिन्याभरात सगळ्याच ओळी 'चालू आहे' म्हणायला लागतात आणि त्या यादीवर कोणी विश्वास ठेवत नाही. असा माणूस गटात नसेल तर नोशनच्या वाटेला जाऊ नका.

मीटिंगमध्ये लिहायचं काय, यातही फरक पडतो. 'वेबसाइटबद्दल सविस्तर चर्चा झाली, सर्वांनी मतं मांडली' ही ओळ कोणत्याही ॲपमध्ये वायाच. 'नवं मुखपृष्ठ 12 तारखेला लाइव्ह. मजकूर मार्केटिंगकडून 8 पर्यंत. किमतींचं पान तूर्त जुनंच' ही ओळ साध्या ईमेलमध्येही चालते. 'मार्केटिंग'च्या जागी एका माणसाचं नाव आलं तर आणखी बरं, कारण काम विभाग करत नाही, माणसं करतात.

आता झूम, टीम्स, मीट सगळ्यांतच एआयने तयार होणारं इतिवृत्त आहे, नोशननेही 2025 मध्ये ते आणलं. कच्चा माल म्हणून ते चांगलं. पण मराठी-इंग्रजीच्या सरमिसळीत नावं आणि आकडे चुकतात. त्याहून धोक्याचं म्हणजे, 'बघू, विचार करू' असं संपलेलं बोलणं सारांशात कधी कधी ठरल्यासारखं उतरतं. ते पाठवण्याआधी एका माणसाने वाचायलाच हवं. रेकॉर्डिंग चालू आहे हे सगळ्यांना आधी सांगायचं, आणि ऑफिसच्या गोष्टी बाहेरच्या सर्व्हरवर ठेवायला परवानगी आहे का, हेही विचारायचं. नसेल तर जॉपलिन बघा. ते मुक्त स्रोत आहे, म्हणजे त्याचा कोड कोणालाही बघता येतो, आणि सिंक करताना नोंदी एंड-टू-एंड कूटबद्ध करण्याची, म्हणजे वाटेत कोणालाही वाचता येणार नाहीत अशा पाठवण्याची, सोय त्यात आहे.

गूगल कीप आणि ॲपलचं नोट्स यांच्यावर फार शब्द खर्च करत नाही. कीप किराण्याच्या यादीला उत्तम, लेक्चरला अपुरं. ॲपल नोट्स मात्र हल्ली बरंच सुधारलंय: 2024 पासून आवाज मुद्रित करून त्याचा मजकूरही देतं. तुमची सगळी यंत्रं ॲपलची असतील आणि गरज बेताची असेल, तर वेगळं काही शोधूच नका.

बाहेर पडायची वाट

ॲपमध्ये शिरायला एक बटण पुरतं. तीन वर्षांच्या नोट्स बाहेर काढायची वेळ आली की खरी परीक्षा होते. एव्हरनोट एके काळी या क्षेत्राचं दुसरं नाव होतं. 2016 मध्ये फुकट खात्यावर दोन यंत्रांची मर्यादा आली, मग कंपनी इटलीच्या बेंडिंग स्पून्सने घेतली आणि 2023 च्या डिसेंबरात फुकट खातं 50 नोंदी आणि एका वहीवर आलं. नोटॅबिलिटीने 2021 मध्ये वर्गणी आणली, तेव्हा आधी विकत घेतलेल्यांनी एवढा गदारोळ केला की त्यांच्यापुरता निर्णय मागे घ्यावा लागला.

ऑब्सिडियनमधून काही बाहेर काढावंच लागत नाही, फोल्डर उचलला की झालं. जॉपलिन मार्कडाउनमध्ये, म्हणजे कुठेही उघडणाऱ्या साध्या मजकुराच्या फायलींत, सगळं देतं. नोशनही मार्कडाउन आणि तक्त्यांसाठी सीएसव्ही फायली देतं, पण डेटाबेसची गाळणी आणि जोडलेली दृश्यं बाहेर पडताना गळतात. वननोटमधून पीडीएफ किंवा वर्ड मिळतं. वाचायला ठीक, दुसऱ्या ॲपमध्ये पुढे लिहायला बेकार. गुडनोट्सचंही पीडीएफच.

त्यामुळे वर्षाची वर्गणी भरण्याआधी एवढं करा. एक खरं लेक्चर आणि एक खरी मीटिंग त्या ॲपमध्ये टिपा. आठवड्याने त्यातलं एक वाक्य फोनवरून शोधा. मग दोन्ही नोंदी एक्सपोर्ट करून ते ॲप नसलेल्या मशीनवर उघडा. आकृत्या जागेवर आहेत का, देवनागरी नीट दिसतेय का, तारखा टिकल्या का ते बघा. यातलं काही फसलं, तर पुढचं ॲप तपासायला घ्या. दोन नोंदींचंच नुकसान झालेलं असेल.