शब्दांची वही: जोड्या, याद्या की गोतावळा?

नागपूरकराला 'संत्रा' म्हटलं की फोड, बर्फी, आंबिया बहार, मृग बहार असं सगळं एकदम आठवतं. मराठी नुकती शिकणाऱ्या परदेशी माणसाला त्यावरून 'सतरा' आठवू शकतो. मातृभाषेतले शब्द अर्थाने आणि सोबतीने बांधलेले असतात, नवशिक्याचे पुष्कळदा नुसत्या आवाजाने. भाषा-संशोधक पॉल मिएरा यांच्या चाचण्यांत फ्रेंच शिकणाऱ्यांनी 'बेताँ' (काँक्रीट) या शब्दावर 'प्राणी' असं उत्तर दिलं होतं, कारण डोक्यात होता 'बेत', म्हणजे जनावर.

जर्मन शिकायला बसलेल्याने वही मांडताना हे आधी पाहावं. शब्द मांडायच्या पद्धती तीन: शब्द-अर्थाच्या जोड्या, विषयवार याद्या आणि एका प्रसंगातल्या शब्दांचा गोतावळा.

शब्द-अर्थाची जोडी सगळ्यांत झटपट. पहिल्या दोन-तीनशे शब्दांना खुशाल वापरा. पण नवा शब्द मराठी शब्दाची सवय उचलतो. 'शिक्षा' हिंदीत शिक्षण आणि मराठीत दंड, हा घोळ नागपुरात कुणाला नवा नाही. मराठीत निर्णय 'घेतात'. जर्मनमध्ये त्याला 'ट्रेफेन' लागतं, ज्याचा एरवीचा अर्थ भेटणे. जोडीवर विसंबलेला तिथे 'नेमेन' (घेणे) लावतो. म्हणून नाम एकटं लिहू नका. 'आइने एंटशाइडुंग ट्रेफेन' एवढं अख्खं लिहा.

विषयवार यादी दिसायला छान, नव्या शब्दांना मात्र सर्वांत फसवी. डेअर ल्योफेल, डी गाबेल, दास मेसर: चमचा, काटा, सुरी. एकच ताट, तीन लिंगं (डेअर पुल्लिंगी, डी स्त्रीलिंगी, दास नपुंसकलिंगी)! एका दिवशी पाठ केले की पेपरात 'दास गाबेल' उमटतं. टिंकहॅम (१९९३) आणि वेरिंग (१९९७) यांच्या प्रयोगांत असे एका गटातले शब्द एकत्र शिकायला जास्त फेऱ्या लागल्या. तिन्हींमध्ये दोन-तीन दिवसांचं अंतर ठेवा. यादी उजळणीला ठेवा, शब्द पक्के झाल्यावर.

प्रसंगाचा गोतावळा वेगळा. दवाखाना घ्या: 'आइनेन टेर्मीन फेराइनबारेन' (वेळ ठरवणे), वार्टेन (थांबणे), फीबर (ताप), रेत्सेप्ट (औषधाची चिठ्ठी). अर्थ एकमेकांशी भांडत नाहीत, प्रसंग त्यांना धरून ठेवतो. तयारीला वेळ लागतो, हे खरं. दिवसाला आठ-दहा शब्दच घ्या.

ए-वन, म्हणजे जर्मनची सर्वांत पहिल्या पातळीची परीक्षा महिन्यावर असेल तर जोड्या, पण क्रियापदासकट. जर्मनीत राहायला जायचं असेल तर तिसऱ्या आठवड्यापासून गोतावळा. उजळणी १, ३, ७, १५ व्या दिवशी. पंधराव्या दिवशी शब्द ऐकून पहिलं काय आठवतं ते लिहा. सारख्या आवाजाचा शब्द आला, तर तो शब्द पुन्हा पहिल्या दिवसाच्या उजळणीत.