चारचं थालीपीठ की साडेनऊचं दूध?

सासूबाईंसाठी दोन वृद्धाश्रम पाहून आले, एक ठाण्यात घोडबंदर रोडला, दुसरा खारघरला. खोल्या, सिस्टर, डॉक्टरांची फेरी यांत डावं-उजवं करण्यासारखं काही नाही. फरक आहे तो संध्याकाळनंतरच्या खाण्यात, आणि त्या इन्सुलिनवर असल्यामुळे मी तिथेच अडले.

घोडबंदरला चार वाजता चहाबरोबर गरम खाणं. आम्ही गेलो तेव्हा थालीपिठाचा वास जिन्यापर्यंत आला होता. फळ्यावर आठवड्याचा बेत: उपमा, धिरडी, एकादशीला साबुदाण्याची खिचडी. पण रात्रीचं जेवण साडेसहाला, सातला स्वयंपाकघराला कुलूप, आणि नाश्ता थेट सकाळी साडेआठला. मध्ये 14 तास! अमेरिकेत नर्सिंग होमना नियमच आहे की हे अंतर 14 तासांपेक्षा जास्त नको. झोपताना पौष्टिक खाणं दिलं आणि रहिवाशांच्या गटाने मान्य केलं, तरच 16 पर्यंत. म्हणजे हे अगदी काठावर. खोलीत खाऊचा डबा ठेवायलाही मनाई, कारण मुंग्या. (माझ्या ओट्यावरची परिस्थिती बघता त्यांना दोष देववत नाही.)

खारघरला चारला चहा आणि दोन मारी, बस्स. पण जेवण साडेसातला, साडेनऊला कपभर दूध, हवा असेल तर राजगिऱ्याचा लाडू, आणि नाश्ता आठला. लाडवात गूळ, त्यामुळे आमच्यासाठी नुसतं दूध. रात्रपाळीच्या सिस्टरकडे केळी, बिस्किटं, साखर असलेला डबा असतो. उघडून दाखवा म्हटलं, तर लगेच दाखवला. रात्री दोनला रक्तातली साखर 70 mg/dL च्या खाली गेली, तर शुद्धीवरच्या माणसाला तीन चमचे साखर पाण्यातून तिथल्या तिथे द्यावी लागते आणि 15 मिनिटांनी पुन्हा तपासावं लागतं. तेव्हा किल्ली कुणाकडे आहे ते शोधत कोण बसणार?

त्यामुळे इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी, साखर फार खाली नेऊ शकणारी मधुमेहाची गोळी चालू असेल तर खारघर. मधुमेह नसेल आणि तुमचं माणूस चारचौघांत बसल्यावरच दोन घास जास्त खात असेल, तर घोडबंदर; फक्त रात्रीच्या दुधाचं आधी लेखी ठरवून घ्या. गिळायला त्रास असेल तर चिवड्याच्या दिवशी काय देता, हे दोन्हीकडे विचारा. मला घोडबंदरला 'बघू' असं उत्तर मिळालं. खारघरच्या सिस्टरने मऊ खिमट सांगितलं, वर खाल्ल्यावर अर्धा तास आडवं होऊ देत नाही हेही न विचारता सांगितलं.

शनिवारी भेटायला जाताना घरचं थालीपीठ नेलं तर चालेल का, एवढं तिथे विचारायचं राहिलंय.