पृथ्वीप्रदक्षिणेची क्रूझ : तीन महिन्यांहून अधिक मुक्कामानंतरचा अनुभव

साऊदॅम्प्टनहून जानेवारीत निघायचे, पनामा कालवा, दक्षिण पॅसिफिक, न्यूझीलंड, ऑस्ट्रेलिया व केप टाऊन असे करत एप्रिलमध्ये परतायचे, अशी प्रदक्षिणा मी आणि माझ्या पतींनी निवृत्तीनंतर केली. लाल समुद्रातील हल्ल्यांमुळे २०२३ च्या अखेरीपासून अनेक कंपन्यांनी सुएझची वाट सोडली असल्याने मुंबई आमच्या मार्गावर नव्हती, याची मला हळहळ वाटली. माहितीपत्रकात बंदरांची छायाचित्रे असतात. प्रत्यक्षात आमचे निम्म्याहून अधिक दिवस भर समुद्रात गेले, आणि ही सहल मानवते की नाही हे त्याच दिवसांवर ठरते.

आम्ही खालच्या मजल्यावरची, जहाजाच्या मध्यभागातली, बिनखिडकीची केबिन घेतली होती. जहाजाचे डोलणे तिथे सर्वांत कमी जाणवते. बिस्केच्या उपसागरात वरच्या मजल्यावरची बाल्कनीवाली मंडळी आडवी झाली, तेव्हा आम्ही दोघे जेवून आलो. मार्ग पश्चिमेकडचाच निवडावा, असेही मी सांगेन. तिकडे जाताना दर काही रात्रींनी घड्याळ एक तास मागे जाते, म्हणजे झोप वाढते. पूर्वेकडे जाणाऱ्यांची ती तेवढीच कापली जाते.

सहप्रवाशांविषयी मात्र विस्ताराने लिहिले पाहिजे. बहुतेक जण सत्तरीच्या पुढचे, बरेचसे एकटे, आणि त्यांच्यात दोन जाती. संपूर्ण प्रदक्षिणेचे प्रवासी एका बाजूला, आणि ऑकलंड किंवा सिडनीपर्यंतच येणारे टप्प्याचे प्रवासी दुसऱ्या बाजूला. पहिल्यांना जहाज आपल्या मालकीचे वाटू लागते. ग्रंथालयातील कोणती खुर्ची कोणाची, हे कुठेही लिहिलेले नव्हते. पण सिडनीला चढलेल्या एका जोडप्याने त्यांतली एक घेतली आणि दोन दिवस जेवणाच्या टेबलांवर दुसरा विषय नव्हता. आमच्या आठ जणांच्या टेबलावर यॉर्कशरचे एक निवृत्त खाण-अभियंता, डेव्हनच्या दोन बहिणी आणि दरवर्षी समुद्रावरच हिवाळा काढणारे एक विधुर गृहस्थ होते. पहिले दोन आठवडे सगळे एकमेकांशी अतिशय नम्र होते, त्यानंतर प्रत्येकाच्या गोष्टी दुसऱ्यांदा ऐकू येऊ लागल्या, आणि पॅसिफिकमध्ये तर एका बहिणीने जागा बदलून मागितली. ती दहा दिवसांनी परत आली, कारण दुसऱ्या टेबलावरची मंडळी जेवताना केवळ गुडघ्यांच्या शस्त्रक्रियांवर बोलत.

जहाजावरच्या बातम्यांचे खरे केंद्र म्हणजे कपडे धुण्याची खोली. आगीच्या भीतीने केबिनमध्ये इस्त्री वापरण्यास मनाई असते, त्यामुळे श्रीमंत-गरीब सगळे तिथेच रांगेत उभे राहतात. कोण आजारी पडले, कोणाला पुढच्या बंदरावर रुग्णालयात उतरवणार, हे कप्तानाच्या घोषणेआधी तिथे कळत असे. आजारपणाची बाब गंभीरपणे घ्यावी. जहाजावर दवाखाना असतो, पण त्याचे शुल्क जबर असते आणि भर पॅसिफिकमध्ये किनाऱ्यावरचे हेलिकॉप्टर पोहोचू शकत नाही. पुरेसा विमा नसेल तर जाऊच नये.

पनामा कालव्याच्या दिवशी लोक पहाटेपासून कठड्यापाशी जागा धरून होते, आणि ते योग्यच होते. गाटुन इथे पाणी भरून जहाज वर उचलणाऱ्या पाणकोठ्यांच्या तीन पायऱ्यांत ते समुद्रसपाटीपासून सुमारे २६ मीटर उंच तलावात चढते, आणि ३३.५ मीटर रुंदीच्या जुन्या पाणकोठ्यांत ते मध्यभागी राहावे म्हणून दोन्ही बाजूंनी विजेची इंजिने त्याला दोरांनी ताणून धरतात. तरीही माझ्या मते प्रवासातला सर्वांत चांगला दिवस पिटकेर्नचा. बाउंटी जहाजावरच्या बंडखोरांनी १७९० मध्ये वसवलेल्या या बेटावर आज जेमतेम पन्नास माणसे राहतात आणि मोठ्या जहाजासाठी धक्का नाही. म्हणून बेटकरीच लांब होडीतून आले, दोरांच्या शिडीने वर चढले आणि त्यांनी डेकवर लाकडी कोरीवकाम आणि मध विकायला मांडला. खरेदीपेक्षा गर्दी त्यांच्याशी बोलण्यासाठी होती; इतके दिवस तेच चेहरे पाहिलेल्या आम्हा सर्वांना नवा माणूस हवा होता.

आमच्या केबिनची व्यवस्था पाहणारा तरुण गोव्याचा, सासष्टीचा होता. ब्रिटिश जहाजांवर गोव्याच्या तारवटींची, म्हणजे जहाजावर नोकरी करणाऱ्यांची, परंपरा जुनी आहे. त्याचे आजोबाही याच वाटेने गेले होते. तो कोकणीत बोले, मी मराठीत उत्तर देई, आणि कोणाचेही अडत नसे. एकदा तो म्हणाला, “मावशी, तुमची सुट्टी संपून तुम्ही घरी जाल, तेव्हा माझे अर्धे कंत्राट बाकी असेल.” त्याला सुट्टीचा पूर्ण दिवस मिळत नसे. खात्यावर रोज आपोआप लागणारी बक्षिशीची रक्कम स्वागतकक्षात जाऊन कमी करून घेणाऱ्या प्रवाशांविषयी माझे मत त्यानंतर फार वाईट झाले.

जेवण भरपूर होते, परंतु शाकाहारी पदार्थ महिनाभरात पुन्हा पुन्हा येऊ लागले. भारतीय स्वयंपाक्यांना आदल्या दिवशी सांगितल्यास वरण-भात मिळे. लोणचे मात्र सीलबंद बाटलीतून घरूनच न्यावे. काही बंदरांवर खाद्यपदार्थ किनाऱ्यावर उतरवण्यास सक्त मनाई असते, विशेषतः न्यूझीलंड व ऑस्ट्रेलियात, म्हणून ती बाटली केबिनमध्येच ठेवावी.

माझ्या पतींना पुन्हा पूर्ण प्रदक्षिणा करायची आहे. मी पुढच्या वेळी ऑकलंडला उतरून विमानाने परत येईन.