सोलर पंप, तीन मीटर वायर आणि आंघोळीला येणारे पक्षी: काही महिन्यांच्या वापरानंतर

पाणी ठिबकलं की पक्षी येतात, हे बागेत फोटो काढणाऱ्यांना सांगायला नको. त्यासाठी, पक्ष्यांच्या आंघोळीच्या उथळ ताटात ठेवायला घेतलेला हा वेगळ्या पॅनेलचा छोटा सोलर पंप बंद पडला, तर सर्व्हिसकडून उत्तर आलं: आत पाणी गेलंय, वॉरंटी लागू नाही. अहो, पाण्यातच बुडवायचा पंप आहे तो!

दुरुस्ती घरीच होते. पुढची जाळी काढा, झाकण सरकवा, चुंबकी रोटर ओढून घ्या. आत शेवाळ किंवा पिसाचा तुकडा अडकलेला असतो. क्षार चढले असतील तर निम्म्या व्हिनेगर-पाण्यात अर्धा तास भिजवून घासा, मग भरपूर धुवा. कोरडा फिरला तर मात्र झिजून जातो. सोबतच्या कारंज्याच्या तोट्या म्हणूनच लावू नका. वाऱ्याने तुषार बाहेर उडतात आणि ताट रिकामं होतं.

आता वायर. तीन मीटर, बस्स. ताट सावलीत हवं, कारण कडक उन्हात पांढऱ्या पिसांतले बारकावे उडतात. पॅनेलला मात्र थेट ऊन हवं. ताटामागे पाच-सहा मीटर मोकळं सोडलं तरच पार्श्वभूमी धूसर येते, म्हणजे तिथेही पॅनेल नको. राहिली बाजूची जागा, आणि तिथे ऊन पोचलं तर नशीब. वायर वाढवता येते, पण सांधा जमिनीपासून उंच आणि पाणी न शिरेल असा बांधावा लागतो, आणि वाढवलेली तार बारीक असेल तर व्होल्टेज पडून पंप नुसता गुरगुरतो. आणखी दोन मीटर तार दिली असती तर कंपनीचं दिवाळं निघालं असतं का?

बॅटरी नाही, हे आधी चांगलं वाटलं होतं: बिघडायला एक वस्तू कमी. ते मत आता बदललंय. फोटोचा मऊ प्रकाश सकाळी लवकर आणि संध्याकाळी असतो, आणि नेमका तेव्हा पंप झोपलेला.

त्यापेक्षा पाच लिटरचा झाकणाचा डबा ताटाच्या वर, फ्रेमबाहेर टांगा. तळाला सलाईनची नवी नळी बसवून तिच्यावरच्या चाकाने सेकंदाला एक थेंब ठेवा. वीस थेंबांचा एक मिलिलिटर धरला तर तासाला 180 मिलिलिटर, म्हणजे डबा सत्तावीस तास पुरतो. पंपाने हाच डबा भरत ठेवायचा विचार करू नका. ताटातली विष्ठा वर चढून नळीत बसते. ताजं पाणी हातानेच ओता.

ताटाच्या कडेला एक-दोन सेंटिमीटर पाणी, मध्ये जास्तीत जास्त पाच, तळाला खरबरीत दगड. बसायला शेजारी एकच फांदी ठेवा, म्हणजे पक्षी कुठे उतरणार ते ठरतं आणि फोकस आधीच लावता येतो. फांदी आठवड्याला बदला, नाहीतर प्रत्येक फोटोत तेच ठाणं आणि तेच पांढरे डाग. लेन्स पक्ष्याच्या डोळ्याच्या पातळीवर, आंघोळीसाठी शटर 1/2000 सेकंद. दाट झुडूप दोन-तीन मीटरवर असावं: पक्ष्याला पळून जायला जवळ, मांजराला झेप घ्यायला लांब. ताटातलं पाणी दर दोन दिवसांनी पूर्ण ओता, डासांच्या अळ्या होऊ देऊ नका.

पंपाला पाचपैकी दोन: एक आवाज न करण्याचा, एक रोटर हाताने निघतो त्याचा. रोज डबा भरायला कुणी नसेल तरच घ्या, आणि वायर किती लांब आहे ते पैसे देण्याआधी विचारा.