छायाचित्रांवरून स्ट्रेन मोजण्यासाठी एनकॉर, डाइस की विक-थ्रीडी?

नमुन्यावर पांढरा रंग देऊन काळे ठिपके उडवायचे, भार वाढत असताना फोटो घेत राहायचे आणि ठिपक्यांच्या सरकण्यावरून पृष्ठभागाचे विरूपण आणि स्ट्रेन (लांबीतील सापेक्ष बदल) काढायचा, ही डिजिटल इमेज कोरिलेशनची पद्धत १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला साउथ कॅरोलिना विद्यापीठात आकाराला आली. आज त्यासाठी अनेक सॉफ्टवेअर उपलब्ध असली, तरी निवड करण्यापूर्वी कॅमेरा एक लावणार की दोन, हे ठरवावे लागते.

एकाच कॅमेऱ्याने काम करताना नमुना कॅमेऱ्याच्या दिशेने सरकला, तर चित्र मोठे होते आणि सॉफ्टवेअर त्यालाच स्ट्रेन समजते. कॅमेरा १ मीटरवर असेल आणि नमुना चाचणीयंत्राच्या जबड्यांत बसताना १ मिलिमीटर पुढे आला, तर सुमारे ०.१ टक्का खोटा स्ट्रेन दिसतो. २५० मेगापास्कलला यील्ड होणाऱ्या, म्हणजे कायमचे ताणले जाऊ लागणाऱ्या, साध्या पोलादाचा यील्डच्या वेळचा स्ट्रेन सुमारे ०.१२५ टक्के असतो, हे लक्षात घेतले की या चुकीचे गांभीर्य कळते. दोन कॅमेरे दोन कोनांतून पाहतात, म्हणून त्यांना हे पुढे सरकणे वेगळे ओळखता येते.

एनकॉर हे जॉर्जिया टेकमध्ये तयार झालेले मुक्त सॉफ्टवेअर असून त्यावरील शोधनिबंध २०१५ साली प्रसिद्ध झाला. ते एका कॅमेऱ्यापुरते, म्हणजे सपाट नमुन्यांसाठी आहे. मोजायचा भाग निवडण्यापासून स्ट्रेनच्या नकाशापर्यंत ते पायरीपायरीने नेते, म्हणून शिकणाऱ्याला तेच सर्वांत सोयीचे, असे माझे मत आहे. मात्र ‘मोफत’ या शब्दावर विसंबू नये, कारण ते मॅटलॅब या गणिती कामाच्या सशुल्क सॉफ्टवेअरवर चालते आणि त्याला इमेज प्रोसेसिंग व स्टॅटिस्टिक्स हे टूलबॉक्स (पूरक संच) ही लागतात. महाविद्यालयाकडे हा परवाना नसेल, तर सोय तिथेच संपते.

अमेरिकेतील सँडिया राष्ट्रीय प्रयोगशाळेचे डाइस सी-प्लस-प्लसमध्ये लिहिलेले आहे, त्याला मॅटलॅब लागत नाही आणि ते दोन कॅमेऱ्यांचे कामही करते. शिकायला थोडे कठीण असले, तरी शेकडो चाचण्या एकाच मापदंडांनी चालवायच्या असतील तर मी डाइसच घेईन.

विक-थ्रीडी हे कोरिलेटेड सोल्यूशन्स या कंपनीचे व्यावसायिक उत्पादन आहे. वक्र पृष्ठभाग, मोठे विरूपण आणि अहवालाची जबाबदारी असेल, तर तिथे पैसे मोजण्यात अर्थ आहे. सपाट पट्टीच्या ताणचाचणीसाठी तो खर्च मला पटत नाही.

दोन सॉफ्टवेअरचे आकडे शेजारी ठेवताना एक गफलत हमखास होते. एनकॉरमध्ये सबसेट (जुळणीसाठी सॉफ्टवेअर एका वेळी घेते तो चित्राचा छोटा तुकडा) वर्तुळाकार असून त्याची त्रिज्या द्यायची असते, तर डाइसमध्ये चौकोनी सबसेटची पूर्ण रुंदी. त्यामुळे दोन्हीकडे ‘३०’ लिहिले, तर तुलना निरर्थक ठरते. स्ट्रेनची व्याख्याही तपासावी, कारण १० टक्के लांबलेल्या त्याच नमुन्याचा मूळ आकाराच्या संदर्भाने काढलेला ग्रीन-लाग्रांज स्ट्रेन १०.५ टक्के आणि बदललेल्या आकाराच्या संदर्भाने काढलेला अल्मान्सी स्ट्रेन सुमारे ८.७ टक्के येतो, आणि एनकॉर हे दोन्ही देते.

निर्णयापूर्वी नमुना यंत्रात बसवून भार न देता लागोपाठ वीस फोटो घ्यावेत आणि ते ज्या सॉफ्टवेअरचा विचार चालू आहे त्या प्रत्येकात, सबसेटची रुंदी सारखी ठेवून, चालवून पाहावेत. तिथे जो स्ट्रेन दिसेल तो आपल्या कॅमेऱ्याचा, प्रकाशयोजनेचा आणि ठिपक्यांचा गोंगाट असतो. तो मोजायच्या स्ट्रेनच्या जवळ जात असेल, तर सॉफ्टवेअर बदलण्याआधी ठिपके पुन्हा उडवावेत, आणि प्रत्येक ठिपका चित्रात साधारण तीन ते पाच पिक्सेलांचा येईल असे पाहावे.