डॉज रॅमच्या ५.९ कमिन्ससाठी थ्रॉटल पोझिशन सेन्सरचे ॲडॉप्टर किट: वापरानंतरचा अभिप्राय

१९९४ ते १९९८ या काळातील डॉज रॅम पिकअप, तिच्यात कमिन्सचे ५.९ लिटरचे बारा व्हॉल्व्हचे डिझेल इंजिन आणि जोडीला स्वयंचलित गिअरबॉक्स, अशी गाडी ज्यांच्याकडे आहे त्यांच्यासाठी हा अभिप्राय लिहीत आहे. माझी गाडी १९९७ची असून तिला ४७आरई गिअरबॉक्स आहे आणि ती अमेरिकेतल्या इंडियानात बहुतेक वेळा ट्रेलर ओढण्याच्या कामी येते. तिचा मूळ थ्रॉटल पोझिशन सेन्सर (पेडल किती दाबले आहे हे गाडीच्या संगणकाला कळवणारा भाग) निकामी झाल्यावर मी कंपनीचा भाग न घेता एका छोट्या विक्रेत्याकडून ॲडॉप्टर किट मागवले. त्यात ॲल्युमिनियमची ब्रॅकेट, पंपाच्या लिव्हरला सेन्सर जोडणारा तुकडा, तीन वायरींचा कनेक्टर आणि पेट्रोल गाड्यांत सर्रास वापरला जाणारा फिरता सेन्सर येतो. किट चांगले आहे आणि वेळ आली तर मी तेच पुन्हा घेईन. मात्र ते बसवणे म्हणजे दोन स्क्रू आवळणे नव्हे, हे घेण्याआधीच समजून घ्यावे.

या इंजिनात हवा अडवणारी झडप नाही, आणि बॉशच्या पी७१०० पंपातून किती डिझेल जायचे हे केबल आणि लिव्हर ठरवतात. संगणकाचा त्यात काहीही हात नसतो. त्यामुळे सेन्सर बिघडला तरी इंजिन ठणठणीत चालते आणि माणूस दोष भलतीकडेच शोधत बसतो. लिव्हर किती फिरला आहे हे सेन्सर व्होल्टेजच्या रूपात संगणकाला कळवतो, आणि ओव्हरड्राइव्ह (सर्वांत वरचा गिअर) कधी टाकायचा व टॉर्क कन्व्हर्टर (इंजिन आणि गिअरबॉक्स यांना तेलाद्वारे जोडणारा भाग) कधी लॉक करायचा, म्हणजे लॉकअप कधी लावायचा, हे ठरवताना संगणक या माहितीवर अवलंबून असतो. सेन्सरच्या आत कार्बनच्या पट्टीवरून एक स्पर्शक सरकत असतो. हायवेवर पाय तासन्‌तास एकाच जागी राहत असल्याने पट्टी नेमकी त्याच जागी झिजते. मग त्याच वेगाला लॉकअप लागतो, सुटतो, पुन्हा लागतो. इंजिनाचा वेग दाखवणाऱ्या टॅकोमीटरचा काटा मिनिटाला दोनेकशे फेऱ्यांनी वरखाली होतो आणि मागे ट्रेलर असला की प्रत्येक वेळी गाडीला हिसका बसतो. गिअरबॉक्स गेला असे समजून तो खोलायला देणारे लोक आहेत, आणि तो खर्च या किटच्या कित्येक पट असतो.

तरीही ही लक्षणे दिसताच किट मागवू नये, कारण बॅटरी चार्ज करणाऱ्या ऑल्टरनेटरचे, एसीचे डीसी करणारे डायोड खराब झाले तर अगदी हीच लक्षणे दिसतात. डायोड गळू लागले की बॅटरीकडे जाणाऱ्या डीसी प्रवाहात एसीचे तरंग मिसळतात, ते सेन्सरच्या संदेशावर चढतात आणि संगणकाला वाटते की पाय सारखा हलतो आहे. मल्टिमीटर एसी व्होल्टवर ठेवून, इंजिन चालू असताना बॅटरीच्या दोन टोकांवर मोजावे, आकडा ०.१ व्होल्टच्या वर गेला तर आधी ऑल्टरनेटर दुरुस्त करावा. तो ठीक असेल तर सेन्सरच्या संदेशाच्या वायरीवर काट्याचा मीटर लावून पेडल अगदी सावकाश दाबावे. चांगल्या सेन्सरमध्ये काटा सलग चढतो, झिजलेल्या सेन्सरमध्ये तो मध्येच गचका खातो. आकड्यांच्या मीटरवर हा गचका बऱ्याचदा निसटतो, म्हणून जुना काट्याचा मीटर कोणाकडे असेल तर मागून आणावा.

पुण्याकडच्या वाचकांना हे इंजिन परके नाही. कमिन्स कोथरूडला १९६२ पासून आहे, आणि याच बी मालिकेची इंजिने टाटा कमिन्सने जमशेदपूरला बनवून टाटाच्या ट्रकमध्ये घातली. म्हणूनच या इंजिनाचे पिस्टन, गॅस्केट, पंपाचे भाग जगभर मिळतात. हा सेन्सर मात्र इंजिनाचा नसून डॉजच्या स्वयंचलित गिअरबॉक्सच्या व्यवस्थेचा भाग आहे, त्यामुळे तो सहजासहजी मिळत नाही आणि मिळालाच तर किंमत डोळे पांढरे करणारी असते. किटची मोठी जमेची बाजू इथेच आहे: त्यातला सेन्सर पुन्हा बिघडला तर फक्त तेवढाच, कोणत्याही ऑटो पार्ट्सच्या दुकानातून, थोडक्या पैशांत आणता येतो.

ब्रॅकेटचे काम मला मनापासून आवडले. कडा घासून गोल केलेल्या आहेत, भोके पंपावरच्या मूळ जागांशी तंतोतंत जुळतात आणि सेन्सरचे स्क्रू जातात ती भोके लांबट ठेवल्यामुळे तो थोडा फिरवून लावता येतो. जोडतुकडा सेन्सरच्या खाचेत घट्ट बसतो. हे महत्त्वाचे आहे, कारण तिथे ढिलाई राहिली तर पेडलच्या एकाच जागेला दाबताना एक आणि सोडताना दुसरेच व्होल्टेज येते.

सोबतचा सूचनांचा कागद मात्र फारच तोकडा आहे. त्यात वायरी केवळ रंगांनी सांगितल्या आहेत, आणि मला आलेल्या कनेक्टरचे रंग त्या कागदाशी जुळत नव्हते. रंगांवर विसंबू नये. गाडीच्या बाजूच्या तीन वायरींपैकी चावी चालू केल्यावर कोणतीवर ५ व्होल्ट येतात, कोणती अर्थिंगशी जोडलेली आहे आणि उरलेली संदेशाची कोणती, हे मीटरने पाहूनच जोड द्यावेत. इथे सेन्सर पेट्रोल गाडीच्या उलट दिशेने फिरत असल्यामुळे ५ व्होल्ट आणि अर्थिंग यांची अदलाबदल करावी लागते. ती केली नाही तर पेडल दाबल्यावर व्होल्टेज वाढण्याऐवजी उतरते. एवढी मोठी गोष्ट कागदावर छापायलाच हवी होती. जोड सोल्डर करून वर हीट-श्रिंक स्लीव्ह चढवावी, कारण पंपाजवळ डिझेल आणि तेल झिरपतेच.

खरे कौशल्य व्होल्टेज बसवण्यात आहे. चावी चालू, इंजिन बंद आणि लिव्हर आयडलच्या (पेडल न दाबलेल्या स्थितीच्या) स्टॉपला टेकलेला असताना, संदेशाची वायर साधारण १ व्होल्ट दाखवेपर्यंत सेन्सर फिरवून स्क्रू आवळावेत. हा आकडा जास्त राहिला तर पेडल दाबलेले आहे असे संगणक समजतो आणि ओव्हरड्राइव्ह उशिरा पडतो. कमी राहिला तर लॉकअप फार लवकर लागून इंजिन चढावर घुसमटते. त्यानंतर दुसऱ्या कोणाला तरी केबिनमध्ये बसवून पेडल पूर्ण दाबायला सांगावे. लिव्हर हाताने ओढून केलेले माप खोटे असते, कारण केबलची ढिलाई त्यात येत नाही. माझ्या गाडीत पूर्ण दाबल्यावर ३ व्होल्टच्या वर आकडा येतो. त्याच वेळी लिव्हर पंपाच्या स्टॉपपर्यंत पोहोचतो का आणि सोडताच झटकन मागे येतो का, हे डोळ्यांनी पाहावे. सेन्सर आतून आधीच अडला तर इंजिनाला पूर्ण डिझेल मिळत नाही, आणि लिव्हर अडकून राहिला तर गाडी आवरणार नाही. ही तपासणी झाल्याशिवाय इंजिन चालू करू नये.

बसवल्यापासून लॉकअप एकदा लागला की चढ येईपर्यंत सुटत नाही आणि ट्रेलरसहही गाडी शांत चालते. इंडियानातल्या हिवाळ्यातही व्होल्टेज हललेले नाही. स्क्रू मात्र इंजिनाच्या हादऱ्यांनी किंचित सैल झाले होते, म्हणून त्यांना थ्रेड लॉकर (स्क्रू सैल होऊ न देणारा गोंद) लावून ठेवावे.

१९९८ची गाडी असेल तर मागवण्याआधी बॉनेट उघडून पंप पाहावा, कारण त्याच वर्षाच्या मध्यात चोवीस व्हॉल्व्हचे इंजिन आले. त्याचा व्हीपी४४ पंप संगणकाच्या ताब्यात असतो, आणि पेडलच्या सेन्सरमध्ये आयडल ओळखणारा वेगळा स्विच असतो. त्या गाडीला हे किट चालत नाही.