ऑटो बिडवर विसंबून तिकिटं घेताना: काही महिन्यांचा अनुभव

मी नाशिकरोडला राहतो आणि मुख्यतः इथल्याच सिक्युरिटी प्रेसमध्ये छापलेली टपाल तिकिटं जमवतो: राजा पंचम जॉर्जच्या चित्राच्या तिकिटांची १९२६ पासूनची छपाई, १९३१ चा नवी दिल्ली उद्घाटनाचा संच, १९४७ चं 'जय हिंद'. गेले काही महिने जवळजवळ सगळी खरेदी ऑनलाइन लिलावात ऑटो बिड लावून केली. मला ही पद्धत मनापासून आवडली आहे, पण ती नेमकी चालते कशी हे कळल्यावरच.

लासलगावला कांद्याच्या लिलावात कोण कुठवर चढतोय हे सगळ्यांना दिसतं. ऑटो बिडमध्ये तुम्ही तुमची कमाल रक्कम एकदाच टाकता आणि ती झाकलेली राहते; तिच्या आत राहून सिस्टिम तुमच्या वतीने बोली लावते. समजा, लॉट, म्हणजे लिलावातली वस्तू, ८०० रुपयांवर आहे आणि आघाडीवरच्या माणसाची कमाल १,४०० आहे. बोलीची पायरी, म्हणजे दर वेळी होणारी वाढ, ५० ची. तुम्ही २,००० टाकले तर भाव १,४५० होतो, २,००० नाही. तिसऱ्याने १,७०० टाकले की सिस्टिम तुमच्या वतीने १,७५० वर जाते. त्याने १,९८० टाकले तर पूर्ण पायरी बसत नाही, म्हणून भाव तुमच्या २,००० वरच थांबतो. आणि त्यानेही नेमके २,०००च टाकले तर आधी टाकणारा जिंकतो, म्हणजे तुम्ही.

थोडक्यात, जिंकणारा भरतो ती दुसऱ्या क्रमांकाच्या बोलीहून जेमतेम पायरीभर जास्त रक्कम. विल्यम विकरी (Vickrey) या अर्थतज्ज्ञाने १९६१ साली अशा लिलावाचं गणित मांडलं होतं, त्यांना १९९६ चं नोबेल मिळालं. निष्कर्ष सरळ आहे: वस्तू तुम्हाला खरोखर जेवढ्याची वाटते तेवढा आकडा टाका. कमी टाकून बचत होत नाही, फक्त हातची वस्तू जाते. रात्री उशिरा संपणाऱ्या लिलावात शंभर-शंभरने चढत बसायचं नाही, हे सुख फार मोठं आहे.

मात्र तो आकडा ठरवायला अभ्यास लागतो, आणि माझा सगळा वेळ तिथेच जातो. पंचम जॉर्जचं लंडन छपाईचं तिकीट आणि नाशिकचं तिकीट समोरून सारखंच दिसतं. फरक वॉटरमार्कमध्ये, म्हणजे कागदातच असलेल्या पुसट खुणेत: लंडनच्या तिकिटात एकच तारा, नाशिकच्या कागदात अनेक तारे. विक्रेते बहुधा फक्त पुढच्या बाजूचा फोटो टाकतात. मी मागच्या बाजूचा आणि वॉटरमार्कचा फोटो मागवतो, डिंक शाबूत आहे का, हिंजचा (तिकीट अल्बममध्ये चिकटवायच्या कागदी पट्टीचा) डाग आहे का ते विचारतो. उत्तर आलं नाही तर बोली नाही.

बायर्स प्रीमियम (खरेदीदाराने लिलाव करणाऱ्याला द्यायचं कमिशन), त्यावरचा जीएसटी आणि टपालखर्च हे आधीच वजा करून मगच कमाल रक्कम टाका. सिस्टिम ते मोजत नाही.

वेळेबद्दल एक गोष्ट. ईबेवर लिलाव ठरल्या सेकंदाला संपतो, म्हणून लोक शेवटच्या क्षणी बोली टाकतात. तुमचा आकडा प्रामाणिक असेल तर तरीही वस्तू तुमच्याकडेच राहते, नाहीतर ती त्यांना तुमच्या किमतीपेक्षा महाग पडते. काही ठिकाणी शेवटच्या मिनिटांत बोली आली की वेळ वाढते. तिथे घाई करून काहीच हाती लागत नाही.

खरी भीती खोट्या बोलीची. विक्रेताच दुसऱ्या नावाने भाव चढवत असेल तर तुमची झाकलेली रक्कम तो पायरी पायरीने चाचपून काढतो. एका साइटवर मला हे दिसलं: एकच बोलीदार एका विक्रेत्याच्या प्रत्येक लॉटवर चढायचा आणि कधीच जिंकायचा नाही. मी तक्रार केली, उत्तर आलं नाही. आता कुठल्याही लॉटवर आकडा टाकण्याआधी बोलीचा इतिहास उघडतो. तो दाखवतच नसतील तर तिथे ऑटो बिड लावत नाही, लिलाव संपता संपता एकच बोली टाकतो.